कोकम प्रक्रियेत अल्ट्रासाऊंड : यंत्र घेण्यापूर्वी काय तपासावे?

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे. आगळ आणि सरबताला भाव मिळतो तो मुख्यतः रंग आणि चवीवर. अल्ट्रासाऊंडने सालीतून जास्त रंग कमी वेळात निघतो, हे तुमच्या कानावर आले असेल. ते खरे आहे, पण त्याच ध्वनीने रंग खराबही होऊ शकतो. दोन्ही कसे घडते हे समजून घेऊनच यंत्रावर खर्च करावा.

कॅव्हिटेशन म्हणजे काय?

विहिरीवरच्या पंपाची सक्शन उंची जास्त झाली, की आत खडे फिरल्यासारखा आवाज येतो आणि कालांतराने इंपेलरवर बारीक खड्डे पडतात. होडीच्या इंजिनाच्या पंख्यावरही असे खड्डे पडू शकतात. दाब फार कमी झाला की पाण्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि दाब वाढताच ते जोराने मिटतात. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात.

अल्ट्रासाऊंड म्हणजे सेकंदाला 20 हजारांहून अधिक कंपनांचा, आपल्याला ऐकू न येणारा ध्वनी. तो पाण्यात सोडला की असेच असंख्य सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन मिटतात. मिटताना बुडबुड्याच्या आत क्षणभर काही हजार अंश तापमान आणि वातावरणाच्या शेकडो पट दाब निर्माण होतो.

त्याचे दोन परिणाम

- भौतिक : सालीच्या पेशी फाटतात, पाणी आत शिरते आणि रंग बाहेर येतो. 20 ते 40 किलोहर्ट्झला हा परिणाम ठळक असतो.
- रासायनिक : पाण्याचे रेणू तुटून हायड्रॉक्सिल मूलके तयार होतात. ती समोर येईल त्या सेंद्रिय पदार्थाचे ऑक्सिडीकरण करतात. काहींपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनते. काहीशे किलोहर्ट्झला मूलके जास्त मिळतात.

मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत (आयसीटी) प्रा. अनिरुद्ध पंडित आणि प्रा. पराग गोगटे यांनी कॅव्हिटेशनवर अनेक वर्षे संशोधन केले आहे. सांडपाण्यातील रंग आणि रसायने तोडणे हा त्यातील एक मोठा विषय. सांडपाण्यात जे हवे, तेच आगळात नको असते. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिनचा आहे. तो आंबट द्रावात टिकतो, पण उष्णता, हवा आणि मूलकांमुळे फिका पडतो.

घरच्या घरी तपासणी

1. फॉइल चाचणी : अॅल्युमिनियम फॉइलची पट्टी चालू टाकीत मिनिटभर उभी धरा. जिथे छिद्रे किंवा खड्डे पडतात, तिथेच कॅव्हिटेशन जोरात आहे. पट्टी चिमट्याने धरा, हात पाण्यात घालू नका.
2. आयोडाइड चाचणी : कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोटॅशियम आयोडाइडचा द्राव ठेवून यंत्र चालवून घ्या. पिवळेपणा जितका जास्त, तितकी मूलके जास्त. ही भांडी खाद्यपदार्थासाठी वापरू नका.
3. तुलना : एकाच झाडाची साल, तेवढेच पाणी, तेच तापमान आणि तेवढाच वेळ ठेवून दोन नमुने करा. एक यंत्रात, एक नुसता भिजवलेला. रंग त्याच दिवशी आणि 15 दिवसांनी पाहा.

तापमानावर लक्ष ठेवणे सर्वांत महत्त्वाचे. यंत्र चालताना पाणी आपोआप तापते. तुलना करताना ते मोजले नाही, तर उष्णतेने निघालेला रंग अल्ट्रासाऊंडच्या नावावर जमा होतो. यंत्र थांबून थांबून चालवा आणि भांडे बाहेरून थंड ठेवा.

फळे धुण्याबाबत सावधानता

अल्ट्रासाऊंडने कीडनाशकाचे अंश कमी होऊ शकतात, पण संपूर्ण जातीलच असे नाही. काही ऑर्गॅनोफॉस्फरस कीडनाशकांपासून ‘ऑक्सॉन’ तयार होतात आणि ते मूळ रसायनाहून अधिक विषारी असू शकतात. त्यामुळे लेबलवरील फवारणी ते काढणीचा प्रतीक्षा कालावधी पाळण्याला यंत्र हा पर्याय नाही.

तुमच्या सालीवर, तुमच्याच पाण्यात 15 दिवसांनंतरही फरक स्पष्ट दिसला, तरच खरेदीचा विचार करा. विक्रेत्याकडून आधी अशा चाचणीसाठी यंत्र मागून घ्या.