हरित रोजगाराचे शिक्षण : अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांचा अनुभव

पवनचक्कीचा आराखडा अभियंता करतो. ती वीस वर्षे फिरती ठेवण्याचे काम मात्र तंत्रज्ञाचे असते. सौर पॅनेल, कमी वीज खाणारी वातानुकूलन यंत्रणा, सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प या सर्वांबाबत हेच म्हणता येईल. अशा तंत्रज्ञांचे शिक्षण कोठे आणि कसे व्हावे, या प्रश्नाचे अमेरिकेतील एक महत्त्वाचे उत्तर म्हणजे तेथील कम्युनिटी कॉलेजे. गेल्या दोन दशकांत या कॉलेजांनी पर्यावरणाचा विषय फळ्यावरून परिसरात आणला आणि परिसरातून रोजगारापर्यंत नेण्याचा प्रयत्न केला. हा प्रयत्न कोठे फळाला आला आणि कोठे अडखळला, हे दोन्ही समजून घेणे उपयुक्त ठरते.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय?

इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये सुरू झालेले ज्युनियर कॉलेज हे अमेरिकेतील सर्वांत जुने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज मानले जाते. अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाने १९४७ मध्ये अशा संस्थांचे जाळे उभारण्याची शिफारस केली आणि 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ झाले. आज देशभरात अशी सुमारे १ हजार कॉलेजे आहेत.

येथील शिक्षण प्रामुख्याने दोन वर्षांचे असते. काही महिन्यांचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि दोन वर्षांची 'असोसिएट' पदवी असे त्याचे ढोबळ स्वरूप आहे. पदवीनंतर विद्यार्थी थेट नोकरी धरू शकतो किंवा विद्यापीठात पुढील वर्षांसाठी प्रवेश घेऊ शकतो. २०२४-२५ मध्ये स्थानिक विद्यार्थ्यासाठी येथील सरासरी वार्षिक शिक्षणशुल्क सुमारे ४ हजार डॉलर होते. राज्य विद्यापीठांत तेच ११ हजार डॉलरच्या पुढे जाते. त्यामुळे नोकरी करून शिकणारे, संसार सांभाळणारे आणि जुना कारखाना बंद पडल्याने नवे काम शोधणारे असे नाना प्रकारचे विद्यार्थी येथे भेटतात. शाश्वत विकासाची चर्चा सामान्य कष्टकरी कुटुंबापर्यंत न्यायची असेल, तर हा मार्ग महत्त्वाचा ठरतो.

संस्थात्मक पाया

२००५ मध्ये उच्च शिक्षणातील शाश्वततेसाठी 'आशी' या नावाने ओळखली जाणारी संघटना स्थापन झाली. पाठोपाठ २००६-०७ मध्ये अनेक महाविद्यालयांच्या अध्यक्षांनी आपल्या परिसरातून होणारे कर्बउत्सर्जन कमी करण्याच्या जाहीर प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या. २०१० मध्ये कम्युनिटी कॉलेजांच्या राष्ट्रीय संघटनेने 'इकोअमेरिका' या संस्थेच्या सहकार्याने 'सीड' केंद्र सुरू केले. पवनऊर्जा, सौरऊर्जा, हरित इमारती, शाश्वत शेती अशा विषयांचे अभ्यासक्रम एका कॉलेजाने तयार केले, तर दुसऱ्याला ते वापरता यावेत, हा त्यामागील हेतू होता. छोट्या गावातील कॉलेजाला सर्व काही शून्यातून उभे करावे लागू नये, ही त्यातील व्यवहार्य दृष्टी होय.

परिसर हीच प्रयोगशाळा

कॅलिफोर्नियातील ओरोव्हिलजवळचे ब्यूट कॉलेज हे या संदर्भात नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. सुमारे ९२८ एकरांच्या या परिसरात टप्प्याटप्प्याने सुमारे २५ हजार सौर पॅनेल बसविण्यात आली. छपरांबरोबरच वाहनतळ आणि पदपथांवरील छतांचाही त्यासाठी उपयोग करण्यात आला. २०११ मध्ये हे कॉलेज वर्षभरात स्वतः वापरते त्यापेक्षा अधिक वीज निर्माण करू लागले. याच ब्यूट परगण्यात नोव्हेंबर २०१८ मध्ये 'कॅम्प फायर' या वणव्याने पॅराडाइज हे शहर जवळपास बेचिराख केले आणि ८५ जणांचा बळी घेतला. वीजवाहिनीतून उडालेली ठिणगी त्याचे कारण ठरली. ऊर्जा, हवामान आणि सुरक्षितता यांचा संबंध या भागातील विद्यार्थ्यांना निराळा समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही.

आयोवा राज्यातील आयोवा लेक्स कम्युनिटी कॉलेजाने २००४ मध्ये पवनऊर्जा तंत्रज्ञांचा अभ्यासक्रम सुरू केला. एस्थरव्हिल येथे कॉलेजाने १.६५ मेगावॉटची स्वतःची पवनचक्की उभारली. न्यू मेक्सिकोतील टुकुमकारी या लहानशा गावातील मेसालँड्स कम्युनिटी कॉलेजाने २००८ मध्ये १.५ मेगावॉटची पवनचक्की बसविली. कॉलेजाच्या मालकीचे यंत्र वीज देते आणि त्याच यंत्रावर विद्यार्थी चढण्याचे, तपासणीचे व दुरुस्तीचे धडे घेतात. उंची सहन होत नाही हे विद्यार्थ्याला नोकरीच्या पहिल्या दिवशी कळण्याऐवजी शिकतानाच कळते, हाही त्याचा मोठा फायदा.

ओरेगॉनमधील लेन कम्युनिटी कॉलेजाचा मार्ग वेगळा आहे. येथे १९८०च्या दशकापासून ऊर्जा व्यवस्थापन शिकविले जाते. इमारतीत वीज कोठे वाया जाते, दिवे, बॉयलर आणि वायुवीजन यांत काय सुधारणा करता येतील, त्यावरील खर्च किती वर्षांत भरून निघेल, हा या विद्येचा गाभा. पवनचक्की दुरून दिसते, तशी वाचविलेली वीज दिसत नाही. पण इमारत जुनी असली की तीही रोजगार देते.

जुनेच व्यवसाय, नवी कौशल्ये

हरित रोजगार म्हणजे काहीतरी सर्वस्वी नवे, असा समज अनेकांचा असतो. प्रत्यक्षात बहुतेक कामे जुन्याच व्यवसायांची विस्तारित रूपे आहेत. पवनऊर्जा तंत्रज्ञाला विद्युतशास्त्र, हायड्रॉलिक्स, गिअरपेटी, संगणकीय नियंत्रण, सुरक्षितपणे चढणे आणि उंचीवरून सहकाऱ्याची सुटका करणे शिकावे लागते. सौर यंत्रणा बसविणारा हा मुळात छपराचे काम जाणणारा वायरमन असतो. डीसी प्रवाहाची वायरिंग, अर्थिंग आणि छपराची भारक्षमता या गोष्टी त्याला अधिक शिकाव्या लागतात.

वातानुकूलन दुरुस्तीचे उदाहरण बोलके आहे. ओझोनच्या थराचे संरक्षण करण्यासाठी अमेरिकेत १९९४ पासून शीतद्रव्य हाताळणाऱ्या तंत्रज्ञाला प्रमाणपत्र बंधनकारक आहे. २०२०च्या कायद्याने हवामानाला घातक अशा एचएफसी वायूंचा पुरवठा २०३६ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटविण्याचे ठरविले. म्हणजे शीतद्रव्य हवेत न सोडता सिलिंडरमध्ये परत भरून घेणारा एसी मेकॅनिक हा हरित कामगारच होय. त्याला कोणी तसे म्हणत नाही, एवढेच.

टक्केवारी आणि संख्या

या क्षेत्राच्या जाहिरातींत वाढीची टक्केवारी ठळकपणे दिली जाते. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाने २०२३ ते २०३३ या दशकासाठी पवनऊर्जा तंत्रज्ञांच्या रोजगारात ६० टक्के आणि सौर यंत्रणा बसविणाऱ्यांच्या रोजगारात ४८ टक्के वाढीचा अंदाज वर्तविला होता. सर्व व्यवसायांत पवनऊर्जा तंत्रज्ञ अग्रस्थानी होता.

तथापि, हीच गोष्ट संख्येत मांडली की चित्र पालटते. २०२३ मध्ये संपूर्ण अमेरिकेत पवनऊर्जा तंत्रज्ञांची संख्या सुमारे ११,४०० होती. साठ टक्के वाढ म्हणजे दहा वर्षांत सुमारे ६,८०० नव्या जागा. याच काळात वायरमनच्या व्यवसायात अवघी ११ टक्के वाढ अपेक्षित होती. पण त्या व्यवसायाचा पसारा मोठा असल्याने नव्या जागा सुमारे ८४ हजार होत्या. त्यामुळे विजेचे भक्कम मूलभूत शिक्षण देऊन त्यावर सौर किंवा पवनऊर्जेची जोड देणारा अभ्यासक्रम विद्यार्थ्याला अधिक सुरक्षित ठेवतो. एकाच यंत्रापुरते मिळालेले प्रमाणपत्र त्या यंत्राच्या बाजारपेठेबरोबर तरते वा बुडते.

धोरणाचे वारे

मंदीतून सावरण्यासाठी २००९ मध्ये केलेल्या कायद्यान्वये अमेरिकी सरकारने हरित रोजगार प्रशिक्षणासाठी ५० कोटी डॉलरची तरतूद केली. सुमारे ८० हजार जणांना नोकरी मिळवून देण्याचे उद्दिष्ट होते. कामगार खात्याच्या महानिरीक्षकांनी सप्टेंबर २०११ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जून २०११ अखेर सुमारे ८ हजार जणांनाच काम मिळाले होते. प्रशिक्षण झाले, पण नोकऱ्या त्या वेगाने आल्या नाहीत.

२०२२च्या कायद्याने स्वच्छ ऊर्जेला करसवलतींचे मोठे पाठबळ दिले. जुलै २०२५ मधील कायद्याने त्यांपैकी अनेक सवलती आखडत्या घेतल्या. घरगुती सौर यंत्रणेवरील ३० टक्के करसवलत २०२५ अखेर संपुष्टात आली. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेला विद्यार्थी बाहेर पडेपर्यंत धोरण बदललेले असू शकते, याची ही दोन उदाहरणे. म्हणूनच नोकरी देणारे स्थानिक उद्योग अभ्यासक्रमाच्या सल्लागार मंडळावर असणे आणि जागांचा अंदाज घेऊनच प्रवेशसंख्या ठरविणे महत्त्वाचे ठरते.

भारतातील स्थिती

भारतात पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ मध्ये कम्युनिटी कॉलेजाची संकल्पना आणली. पुढे बाराव्या पंचवार्षिक योजनेत विद्यापीठ अनुदान आयोगानेही अशा कॉलेजांसाठी योजना राबविली. मात्र अमेरिकेप्रमाणे त्यांचे स्वतंत्र जाळे येथे उभे राहिले नाही. हे काम येथे प्रामुख्याने आयटीआय, तंत्रनिकेतने आणि अल्पमुदतीची प्रशिक्षणे करतात. २०१५ मध्ये हरित रोजगारासाठी स्वतंत्र कौशल्य परिषद स्थापन झाली. सौर यंत्रणेच्या उभारणीचे व देखभालीचे शिक्षण देणारा 'सूर्यमित्र' कार्यक्रमही त्याच वर्षीचा. 'सोलर टेक्निशियन' हा आयटीआयचा मान्यताप्राप्त व्यवसाय आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेचे लक्ष्य १ कोटी घरांच्या छपरांवर सौर यंत्रणा बसविण्याचे आहे. महाराष्ट्रात सौर कृषी पंपही शेतोशेती पोहोचत आहेत. पंप बसविणारी कंपनी दूरच्या शहरातली आणि बिघाड गावातल्या शेतात, अशी गाठ पडली तर पिकाचे पाणी तुटते. जवळचा प्रशिक्षित तंत्रज्ञ असेल तरच या यंत्रणा टिकतील आणि त्याला गाव सोडावे लागणार नाही. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे किंवा धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल येथील पवनचक्क्यांनाही हेच लागू आहे.

प्रवेशापूर्वी काय तपासावे?

हरित क्षेत्रातील कोणताही अभ्यासक्रम निवडताना विद्यार्थी व पालकांनी पुढील बाबींची चौकशी करावी :

- आधीच्या तुकडीतील किती जणांना त्याच क्षेत्रात काम मिळाले? टक्केवारीबरोबर प्रत्यक्ष संख्याही विचारावी.
- प्रत्यक्ष यंत्रावर किती तास काम करावयास मिळते? संस्थेच्या छपरावर चालू स्थितीतील सौर यंत्रणा आहे काय?
- विजेचे किंवा यंत्रकामाचे मूलभूत शिक्षण पुरेसे आहे, की एकाच उपकरणाची ओळख करून दिली जाते?
- प्रमाणपत्राला शासकीय किंवा उद्योगमान्यता आहे काय? त्यावर पुढील पदविकेला प्रवेश मिळतो काय?
- उंचीवरील व विजेच्या कामातील सुरक्षिततेचे शिक्षण सक्तीचे आहे काय?

या प्रश्नांची उत्तरे देण्यास जी संस्था टाळाटाळ करते, तिच्या माहितीपुस्तिकेवर कितीही हिरवी पाने छापलेली असली, तरी तेथील शुल्क भरण्यापूर्वी पुन्हा विचार करणे श्रेयस्कर.