वारणेचा तह: नऊ कलमं आणि एक राहून गेलेलं नाव

सांगलीजवळ हरिपूरच्या घाटावर उभे राहा. समोर वारणा कृष्णेला मिळते. आता सन 1731 मध्ये या.

फेब्रुवारी आहे. कराडजवळ जखिणवाडीच्या माळावर तुम्ही गर्दीत आहात. साताऱ्याचे शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी, दोघेही शिवछत्रपतींचे नातू, दोघेही छत्रपती. गेल्या वर्षी शाहूंच्या फौजेनं वारणाकाठी संभाजीराजांचा पराभव केला. संभाजीराजांची सावत्र आई ताराबाई आणि आई राजसबाई कैद झाल्या. आज धाकटा थोरल्याच्या पायावर डोकं ठेवतो, थोरला त्याला उराशी धरतो. लोक डोळे पुसतात. तुम्ही मात्र थांबा. गळाभेटीनं हद्द ठरत नाही.

13 एप्रिल, सातारा. कारकुनाच्या खांद्यावरून तहाचा कागद वाचा. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरला. मिरज, तासगाव, अथणी, विजापूर शाहूंना. कोपळ शाहूंना, बदल्यात रत्नागिरी संभाजींना. वडगावचं ठाणं पाडायचं. तुंगभद्रेपासून रामेश्वरापर्यंत पुढे जे जिंकाल, ते निम्मं-निम्मं. एकाचा शत्रू तो दुसऱ्याचाही. आणि एकमेकांचे नोकर कुणी चाकरीस ठेवायचे नाहीत. या शेवटच्या अटीवर बोट ठेवा. इकडे रुसला की तिकडे जाणाऱ्या सरदारांवरच हे भांडण वीसहून अधिक वर्षं पोसलं होतं.

इथे ठाण्यांची नावं आहेत, नदी आहे, मोबदला आहे. याउलट तुमच्या काळातला, इस्रायल आणि पॅलेस्टिनींमधला 1993 चा ओस्लो करार आठवा. सीमा, जेरुसलेम, निर्वासित, वसाहती हे सगळं त्यानं पुढच्या बोलण्यांवर सोडलं. तिथलं दुखणं अर्थात फार अवघड: इथे एकाच घरचे भाऊ, तिथे एकाच भूमीवर हक्क सांगणारे दोन समाज, आणि राज्य एकाचंच. तरी अटी कशा असाव्यात, ते हा कागद सांगतो.

आता कारकुनाला विचारा, ताराबाईंचं कलम कुठलं? उत्तर येणार नाही. कोल्हापूरची गादी उभारणारी ही बाई साताऱ्यात नजरकैदेत आहे.

नोव्हेंबर 1750 कडे सरका. शाहूंना जाऊन वर्ष होत आलंय. कोल्हापूरशी पुन्हा मोठं युद्ध झालेलं नाही, हद्द टिकली. पण आज साताऱ्याच्या किल्ल्यावर ताराबाईंनी नव्या छत्रपतीला, रामराजांना, कैद केलंय. तहानं जमीन नेमकी वाटली होती. जिला त्यानं वगळलं, तिनं एकोणीस वर्षांनी आपला हिशेब साताऱ्याच्या गादीकडूनच वसूल केला.