विटाळ, पाळी आणि घडी : धुण्याच्या एका अनाम व्यवहाराचा शब्देतिहास

१

स्त्रीच्या मासिक ऋतूविषयी मराठीत शब्दांची वाण नाही. विटाळ, विटाळशी, अस्पर्श, दूर बसणे, बाहेर बसणे, कावळा शिवणे, अडचण, न्हाण, ऋतू, पाळी अशी मालिका कोणासही सहज देता येईल. परंतु या दिवसांत जे कापड वापरावयाचे, धुवावयाचे, वाळवावयाचे आणि पुढील महिन्यासाठी जपून ठेवावयाचे, त्यास प्रमाण मराठीत सर्वमान्य असे स्वतंत्र नाव नाही. जुनेर, धडपा, फडके, चिंधी, घडी हे शब्द त्यासाठी योजले जातात खरे. पण ते सर्व उसने आहेत. जुनेर हे कोणतेही जीर्ण लुगडे असू शकते आणि घडी तर कोणत्याही वस्त्राची होते.

ज्या व्यवहारास नाव नाही, त्याची शिकवणही उघडपणे होत नाही. प्रस्तुत लेखात या अभावाचा इतिहास शोधावयाचा आहे. त्यासाठी पुण्याच्या पूर्वेकडील हडपसर हे स्थळ डोळ्यांपुढे ठेवले आहे. कालव्याच्या पाण्यावरील मळे, कारखाने, नव्या गृहवसाहती आणि शहराचा कचरा वाहून नेणारा रस्ता या चारही गोष्टी तेथे एकमेकींच्या शेजारी आहेत, आणि या विषयाचे निरनिराळे टप्पे तेथे एकत्र पाहावयास मिळतात.

२

आरंभ संस्कृतापासून करणे इष्ट होय. तैत्तिरीय संहितेत ऋतुमती स्त्रीसाठी ‘मलवद्वासस्’ असा शब्द आला आहे. मलिन वस्त्र असलेली, असा त्याचा सरळ अर्थ. इंद्राच्या ब्रह्महत्येचा तृतीयांश स्त्रियांनी स्वीकारला, ही कथा सांगून त्याच ठिकाणी तीन रात्रींचे व्रत सांगितले आहे, आणि स्नान न करणे हा त्या व्रताचाच भाग आहे. पुढे स्मृतींमध्ये ‘उदक्या’ हा शब्द आढळतो. त्याच्या मुळाशी उदक आहे. पाण्याने जिची शुद्धी व्हावयाची, ती उदक्या. म्हणजे या दोन प्राचीन संज्ञांपैकी एकीत वस्त्र आहे व दुसरीत पाणी आहे.

‘रजस्वला’ हा तिसरा शब्दही या संदर्भात विचारात घेण्याजोगा आहे. परंपरागत व्युत्पत्तीप्रमाणे ‘रजस्’ आणि ‘रजक’ हे दोन्ही शब्द ‘रञ्ज्’ या धातूकडे नेले जातात. रजक म्हणजे परीट, तसाच वस्त्रे रंगविणाराही. रंग चढणे आणि रंग काढणे या दोन क्रियांची नावे अशी एका कुळात आणून बसविलेली दिसतात. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात (१९४१) रजस्वलेविषयीच्या नियमांचा परामर्श घेतला आहे. हे नियम सामान्यतः स्त्रीचा स्पर्श, आहार, संभाषण आणि चौथ्या दिवसाचे स्नान यांभोवती फिरतात. स्नान स्त्रीने करावयाचे. तिच्या वस्त्राचे कसे करावे, हा प्रश्न शास्त्रकारांस फारसा पडलेला दिसत नाही.

३

मराठीत आल्यावर मात्र वस्त्र व पाणी दोन्ही मागे पडतात आणि स्पर्श पुढे येतो. ‘विटाळ’ हा शब्द प्राकृतातून आलेला आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या व्याकरणात, अपभ्रंशाच्या प्रकरणात, ‘विट्टाल’ हा शब्द अस्पृश्यसंसर्ग या अर्थी नोंदविला. ही नोंद महत्त्वाची आहे. शब्दाचा त्या वेळचा अर्थ अस्वच्छता असा नसून ‘ज्याला शिवू नये त्याचा संबंध’ असा आहे. जातीच्या अस्पृश्यतेचा आणि स्त्रीच्या चार दिवसांच्या अस्पर्शाचा शब्द एकच असावा, यात योगायोग नाही. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत ‘विटाळशी’ हा शब्द ऋतुमती स्त्रीसाठी दिलेला आहे. म्हणजे तोवर विटाळ ही स्त्रीची एक अवस्था न राहता ते तिचे नाव झाले होते.

याच कल्पनेच्या पोटी इतर शब्द आले. ‘दूर बसणे’ व ‘बाहेर बसणे’ हे अंतराचे शब्द आहेत. गडचिरोलीकडील माडिया समाजात हे अंतर ‘कुर्मा घर’ या वेगळ्या झोपडीच्या रूपाने प्रत्यक्ष उभे राहिले. ‘कावळा शिवणे’ हा मुलांना सांगावयाचा शब्द. त्यात दोष कावळ्यावर ढकललेला असला तरी क्रियापद शिवण्याचेच आहे. भाद्रपद शुद्ध पंचमीचे ऋषिपंचमीचे व्रतही या काळात नकळत घडलेल्या स्पर्शदोषाच्या निरसनासाठीच सांगितले गेले.

या विचाराला मराठीत प्रारंभापासून विरोधही झाला, हे विसरता कामा नये. शरीराच्या इतर द्वारांतून मळ वाहतो त्याप्रमाणेच हा एक स्राव आहे, त्याचा विटाळ कशाला मानावयाचा, अशी चक्रधरांची भूमिका महानुभाव वाङ्मयात आढळते. चौदाव्या शतकातील संत सोयराबाई यांनी तर विटाळ देहाबरोबरच जन्मास येत असेल तर त्यातून सुटलेला कोण, असा प्रश्न आपल्या अभंगातून उभा केला. सोयराबाईंच्या प्रश्नात जात आणि स्त्रीत्व ही दोन्ही दुःखे एकवटलेली आहेत; हेमचंद्राने नोंदविलेल्या शब्दाचा दुहेरी भार त्यांच्याइतका कोणास कळला असेल? आषाढीच्या वाटेवर ज्ञानेश्वर व तुकाराम महाराजांच्या पालख्या हडपसरला एकमेकींचा निरोप घेतात; एक दिवेघाटाकडे वळते, दुसरी लोणी काळभोरच्या वाटेने जाते. या वाटेवर हजारो स्त्रिया चालतात आणि पाळी वारीसाठी थांबत नाही. राज्य महिला आयोगाने २०२२ मध्ये ‘आरोग्य वारी’ हा उपक्रम हाती घेतला, तेव्हा या गोष्टीचा सार्वजनिक रीतीने विचार झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

४

आता ‘पाळी’ या शब्दाकडे वळू. वरील सर्व शब्दांहून तो वेगळा आहे. ‘पालि’ म्हणजे ओळ, रांग. त्यावरून पाळी म्हणजे क्रमाने येणारा वार. ‘विटाळ पाळणे’ यातील ‘पाळणे’ या क्रियापदाशी त्याची सांगड घालण्याचा मोह होतो, पण तो टाळला पाहिजे. पाळीत निषेध नाही, केवळ क्रम आहे.

हडपसरच्या माणसाला हा शब्द तीन ठिकाणी भेटतो. खडकवासल्याचे धरण १८७९ च्या सुमारास झाले आणि मुठेचा उजवा कालवा हडपसरच्या शिवारातून पूर्वेकडे गेला. त्या पाण्यावर भाजीपाल्याचे मळे पिकले. कालव्याचे पाणी पाळीने मिळते. पाटबंधाऱ्याच्या व्यवहारात ‘शेजपाळी’ हा शब्द रूढ आहे. पुढे स्वातंत्र्योत्तर काळात औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि कामगारांच्या तोंडी पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी हे शब्द आले. तिसरी पाळी स्त्रीच्या देहाची. पाणी, श्रम आणि देह यांना एकच निर्मळ शब्द मिळावा, हे मराठीचे सामर्थ्य होय. विटाळशी हा शब्द मागे पडून पाळी हा शब्द रूढ होणे हा केवळ सभ्यपणाचा भाग नव्हे. त्यात विचाराची दिशा बदलली आहे.

मात्र पाळीला नाव मिळाले तरी कापडास ते मिळाले नाही. वस्तूला नाव नसले तरी तिच्या धुण्याच्या क्रियांना मराठीत नेमकी नावे आहेत, ही लक्षणीय गोष्ट आहे. विसळणे, खळबळणे, चोळणे, चुबकणे, पिळणे, झटकणे, वाळत घालणे यांतील प्रत्येक क्रियापद एक निराळी पायरी दाखविते. ‘डाग बसणे’ हा प्रयोग तर रसायनशास्त्राशी जुळणारा आहे. रक्तातील प्रथिने उष्णतेने गोठतात व धाग्याला घट्ट धरतात. म्हणून रक्ताचे कापड गरम पाण्यात टाकले की डाग बसतो, आणि थंड पाण्यात आधी विसळले की निघतो. जुन्या बायका कारण न सांगताही गार पाणीच वापरावयास सांगत. वाहते पाणी, रिठा वा साबण, दगडावर चोळणे आणि ऊन एवढीच त्यांची साधनसामग्री होती.

या साखळीचा शेवटचा दुवा मात्र नेहमीच दुबळा राहिला. कापड धुतले जाई, पण उन्हात वाळत घातले जात नसे. ते दुसऱ्या लुगड्याच्या खाली, न्हाणीघराच्या कोपऱ्यात, गोठ्याच्या वळचणीला, कोणाची दृष्टी पडणार नाही अशा जागी टाकले जाई. तेथे ते दमटच राही. ओडिशातील स्त्रियांविषयी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुन्हा वापरावयाचे कापड आणि जननमार्गाचा संसर्ग यांचा संबंध दिसून आला. यावरून दोष कापडावर ठेवणे सोपे आहे. परंतु पाण्याची टंचाई, धुण्यासाठी आडोसा नसणे आणि ऊन न मिळणे या गोष्टी कापडाबरोबरच येतात, हे ध्यानात घेतले पाहिजे. कापडाला बाधते ती ओल, आणि ओलीच्या मुळाशी लाज आहे.

५

या अडचणीवर विसाव्या शतकाने काढलेला मार्ग म्हणजे धुणेच टाळणे. पहिल्या महायुद्धात जखमांच्या पट्ट्यांसाठी वापरलेल्या लाकडी तंतूच्या पदार्थापासून अमेरिकेत १९२० मध्ये ‘कोटेक्स’ या नावाचे एकदाच वापरावयाचे पॅड बाजारात आले. भारतात त्याचा प्रसार पुष्कळ नंतर झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी कापड वापरणाऱ्यांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ६२ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ५० टक्क्यांवर आले. सॅनिटरी नॅपकिन वापरणाऱ्यांचे ४२ वरून ६४ टक्क्यांवर गेले. एकीलाच दोन्ही साधने वापरता येत असल्याने या आकड्यांची बेरीज शंभरापुढे जाते. महाराष्ट्र शासनाने ८ मार्च २०१८ रोजी ‘अस्मिता’ योजना सुरू करून जिल्हा परिषद शाळांतील मुलींना पाच रुपयांत आठ पॅड देऊ केले. शाळकरी मुलीला याचा लाभ झाला, हे नाकारण्याचे कारण नाही.

परंतु धुणे टळले म्हणून विटाळ टळला काय? पुण्याचा कचरा अनेक वर्षे हडपसरच्या पलीकडे, सासवडच्या रस्त्यालगत उरुळी देवाची व फुरसुंगी येथील डेपोत जाऊन पडत असे. तो घरोघरून गोळा करणाऱ्या व हाताने निवडणाऱ्या कष्टकऱ्यांत दलित समाजातील स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे. १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली आणि पुढे तिच्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ मध्ये महापालिकेशी करार केला. उघडे वापरलेले पॅड हाताने वेगळे करावे लागू नयेत, यासाठी या संस्थेने कागदी पिशव्यांचा व लाल ठिपक्याच्या खुणेचा पुरस्कार केला. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनीही असे पॅड गुंडाळून द्यावे, असे सांगितले.

येथे हेमचंद्राच्या नोंदीची आठवण होते. जो विटाळ घरातील स्त्रीच्या अंगावर होता, तो प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घराबाहेर गेला आणि ज्यांच्या संसर्गालाच एकेकाळी ‘विट्टाल’ म्हटले जाई, अशांच्या मुलींच्या हाती पडला. त्याने केवळ जागा बदलली.

६

गेल्या काही वर्षांत धुऊन पुन्हा वापरावयाची, पाळीसाठी मुद्दाम शिवलेली अंतर्वस्त्रे बाजारात आली आहेत. अंगालगत सुती वा तत्सम थर, मध्ये शोषक थर आणि बाहेरून पाणी न झिरपू देणारा पातळ पडदा, अशी त्यांची सामान्य रचना असते. त्यांच्या काळजीचे नियम थोडे आहेत. वापरानंतर लवकरच थंड पाण्यात, पाणी स्वच्छ दिसू लागेपर्यंत, विसळावे. दिवसचे दिवस भिजत ठेवू नये. साधा साबण वापरावा. ब्लीच टाळावे, कारण त्याने कापड व पडदा दोन्ही खराब होतात. कपडे मऊ करणारे द्रव टाळावे, कारण त्याचा लेप बसून शोषण कमी होते. कडक पिळू नये, इस्त्री करू नये. शेवटी मोकळ्या हवेत, उन्हात, पूर्ण सुकेपर्यंत वाळत घालावे.

वाचकांच्या लक्षात येईल की इस्त्री, पिळणे आणि नवी द्रव्ये यांविषयीचे निषेध वगळता यात जुन्या पद्धतीहून वेगळे फारसे नाही. गार पाणी तेच, विसळणे तेच, साबण तोच. फरक दोन ठिकाणी आहे. पहिला असा की वस्त्राला आता नाव मिळू लागले आहे. ‘पीरियड पँटी’ हा इंग्रजी शब्द आज रूढ होत असला तरी ‘पाळीचे कपडे’ असे म्हणणे मराठीला जड जाऊ नये. दुसरा फरक अद्याप पडावयाचा आहे, आणि तो उन्हाचा. मळ्याच्या जागी २००० नंतर मगरपट्ट्यासारख्या वसाहती उभ्या राहिल्या. काही गृहसंकुलांत दर्शनी गॅलरीत कपडे वाळत घालण्यास मनाई असते. चाळीत आणि वस्तीत दोरी सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. दोन्हीकडे हे वस्त्र पुन्हा दुसऱ्या कपड्याखाली जाण्याचा धोका आहे. तसे झाले तर शिवणकाम नवे आणि व्यवहार जुनाच, अशी स्थिती होईल. ज्या घरात पाणी पुरेसे नाही, तेथे ही वस्त्रे घेण्याचा आग्रह धरणेही योग्य नव्हे.

सारांश, मराठीने विटाळशीपासून पाळीपर्यंतचा प्रवास शब्दांत केला. दोरीवर तो अजून व्हावयाचा आहे. शब्दाचा अभ्यास करणाऱ्याने आपल्या क्षेत्राबाहेर फार बोलू नये, हे खरे. तरी एवढे सुचवावेसे वाटते की घराघरांतील आणि बोलीबोलींतील या कापडाची नावे व ते धुण्याची क्रियापदे वडीलधाऱ्या स्त्रियांकडून विचारून टिपून ठेवण्याचे काम आपल्या विद्यार्थिनींनी, आणि संकोच न धरता विद्यार्थ्यांनीही, हाती घ्यावे. कोशात जी वस्तू उजळ माथ्याने येते, तिला अंगणातील उन्हात येण्यासही वेळ लागत नाही.