इंजिन उपाशी आहे, हे कसे कळते?

एक लिटर पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे ९,००० लिटर हवा लागते. मोटारगाडी पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो खरे, पण आकारमानाचा विचार केला तर ती मुख्यतः हवेवर चालते. या हवेत पेट्रोल किती मिसळायचे, हा इंजिनाच्या इतिहासातला जुना आणि चिवट प्रश्न आहे.

रसायनशास्त्राच्या तासाला हे गणित फळ्यावर करून दाखवता येते. ऑक्टेनच्या रेणूत कार्बनचे ८ आणि हायड्रोजनचे १८ अणू असतात. त्याचे दोन रेणू पूर्ण जळायला ऑक्सिजनचे २५ रेणू लागतात. म्हणजे २२८ ग्रॅम ऑक्टेनला ८०० ग्रॅम ऑक्सिजन. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, म्हणून एक ग्रॅम ऑक्टेनला साधारण १५ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असल्याने त्याच्यासाठी हा आकडा १४.७ च्या आसपास येतो. हवा याहून जास्त असेल तर मिश्रण विरळ, पेट्रोल जास्त असेल तर दाट. गॅरेजमधले लोक विरळ मिश्रणाला 'लीन' म्हणतात.

विरळ मिश्रण नेहमीच वाईट असे मात्र नाही. इंजिनावर भार हलका असताना थोड्या विरळ मिश्रणाने इंधन वाचते. १९४४ साली पॅसिफिकमधल्या अमेरिकन वैमानिकांना चार्ल्स लिंडबर्गने हेच शिकवले होते. इंजिनाचे फेरे कमी ठेवायचे, मिश्रण विरळ करायचे, आणि त्याच टाकीत कितीतरी लांब जायचे. पण पूर्ण ताकद हवी असते तेव्हा गोष्ट उलटी होते. त्या वेळी थोडे जास्तीचे पेट्रोल द्यावे लागते; त्याच्या बाष्पीभवनाने सिलिंडरमधली हवा थंड राहते. ते तोडले तर तापमान वाढते, मिश्रण वेळेआधी आपोआप पेटते, टकटक आवाज येतो आणि शेवटी पिस्टनला भोक पडू शकते. तेव्हा मिश्रण किती विरळ आहे एवढेच पाहून भागत नाही; ते कोणत्या भाराखाली विरळ होते हेही पाहावे लागते.

प्लगचा रंग

१८९३ साली जर्मनीत विल्हेल्म मायबाखने आणि हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका यांनी पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्ब्युरेटर तयार केला. हवेच्या वाटेत एक बारीक नळी, तिच्या तोंडाशी नेमक्या भोकाचे जेट. हवा वेगाने गेली की दाब कमी होतो आणि पेट्रोल ओढले जाते. भोकाचा आकार ठरला की मिश्रण ठरले. पण ते बरोबर ठरले का, हे सांगणारे उपकरण गॅरेजात नव्हते. मेकॅनिक स्पार्क प्लग काढून बघत असे. काळी काजळी म्हणजे मिश्रण दाट, तपकिरी रंग म्हणजे ठीक, पांढराफटक प्लग म्हणजे विरळ. कित्येक दशके इंजिनाची प्रकृती अशी प्लगच्या टोकावरच वाचली गेली. आजही ही परीक्षा निरुपयोगी झालेली नाही, हे पुढे दिसेलच.

आपल्याकडे या बाबतीत कायद्याने पहिले मोजमाप आणले ते केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ ने. इंजिन नुसते सुरू ठेवून धुरातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचा. चारचाकीला ३ टक्के, दुचाकी-तीनचाकीला ४.५ टक्के ही मर्यादा. 'पीयूसी' हा शब्द त्यातूनच घरोघरी पोचला. या चाचणीतली एक उणीव विज्ञानशिक्षकाच्या लगेच लक्षात येईल. कार्बन मोनॉक्साइड हे अपुऱ्या ऑक्सिजनचे लक्षण आहे. मिश्रण विरळ केले की तो कमी होतोच. कार्ब्युरेटरचा मंद गतीचा स्क्रू थोडा फिरवला की गाडी चाचणीत पास. मिश्रण विरळ असल्याचा दोष या चाचणीला दिसतच नव्हता, आणि किंचित विरळ मिश्रणात वाढणारी नायट्रोजनची ऑक्साइडे तर ती मोजतही नव्हती. चाचणी खोटे बोलत नव्हती. तिला विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर ती देत होती.

धुराड्यातला विद्युतघट

दुसरा मार्ग निघाला तो एका जुन्या समीकरणातून. वाल्टर नर्न्स्टने १८८९ साली दाखवले की दोन बाजूंची संहती वेगळी असेल तर घटात विभवांतर निर्माण होते आणि ते गणिताने सांगता येते. झिर्कोनियाच्या चिनी मातीसारख्या टोपीच्या एका बाजूला बाहेरची हवा आणि दुसऱ्या बाजूला तापलेला धूर ठेवला तर दोन्हींकडच्या ऑक्सिजनमधला फरक व्होल्टमध्ये वाचता येतो. बॉश कंपनीचा असा संवेदक १९७६ साली कॅलिफोर्नियासाठीच्या व्होल्वो गाड्यांत बसवला गेला. त्याचे नाव लॅम्डा संवेदक. मिश्रण नेमके असेल तर लॅम्डा १; विरळ असेल तर एकाहून जास्त. विरळ मिश्रणाला संवेदक सुमारे ०.१ व्होल्ट देतो, दाट मिश्रणाला सुमारे ०.९. हे पाहून संगणक क्षणोक्षणी पेट्रोल कमीजास्त करतो.

भारतात १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक आणि शिसेविरहित पेट्रोल आले. शिसे राहिले असते तर परिवर्तक आणि लॅम्डा संवेदक दोन्ही निकामी झाले असते. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेत गाड्या तपासून प्रमाणित होऊ लागल्या. पुढे २०२० च्या बीएस-६ नियमांनंतर नव्या दुचाकींतूनही कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. बीएस-४ पासूनच्या मोटारींच्या पीयूसीत लॅम्डाचाही समावेश झाला. तो १ च्या अलीकडे-पलीकडे ०.०३ च्या आत हवा. विरळ मिश्रणाचा दोष कायद्याला अखेर दिसू लागला.

चढावरची परीक्षा

आता कारखान्याने बसवलेले हे सगळे हिशेब गाडीमालक बदलतो तेव्हा काय होते ते पाहू. मोकळा सायलेन्सर, मोठा एअर फिल्टर, आणि जास्त ताकदीसाठी संगणकात नवे आकडे. अशी गाडी बीडच्या बाजारात छान चालते. पण चार माणसे घेऊन, भाविक ज्याला धाकटी पंढरी म्हणतात त्या नारायणगडाचा चढ चढताना पिकअप मारत नाही, टकटक करते. हे असे का?

हलक्या भारावर संगणक लॅम्डा संवेदकाचे ऐकतो आणि चूक आपोआप भरून काढतो. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की पुष्कळ गाड्यांत तो साध्या संवेदकाचे ऐकणे सोडून आकड्यांच्या तक्त्यावर चालतो. तक्ता चुकीचा असेल तर ती चूक चढावरच उघडी पडते.

दोष शोधण्यासाठी संगणक करत असलेली भरपाई वाचावी लागते. भरपाई मंद गतीला मोठी आणि वेग वाढला की लहान होत असेल, तर कुठेतरी नळी फाटून चोरटी हवा आत येते आहे; गळती तेवढीच राहते, एकूण हवा मात्र वाढते. भारासोबत भरपाई वाढत असेल, तर पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर पेट्रोल पुरवण्यात कमी पडतो. ती सगळीकडे सारखीच असेल, तर हवा मोजणाऱ्या संवेदकाचा हिशेब चुकला आहे. समजा, संवेदक ६० मिलिमीटर व्यासाच्या नळीतून काढून ६६ मिलिमीटरच्या नळीत बसवला. क्षेत्रफळ १.२१ पट झाले. तितकीच हवा आता कमी वेगाने जाते, आणि संवेदकाला ती सुमारे १७ टक्के कमी भासते. पेट्रोलही तितकेच कमी पडते.

चौथी शक्यता सर्वांत फसवी आहे. सायलेन्सरचा सांधा संवेदकाच्या आधी नीट बसला नसेल, तर बाहेरची हवा धुरात शिरते. संवेदक 'विरळ' म्हणतो, संगणक पेट्रोल वाढवतो, आणि इंजिन प्रत्यक्षात दाट मिश्रणावर चालते. अशा वेळी उपयोगी पडते ती जुनी परीक्षा. प्लग काढून पाहिला तर तो काळा! दोन साक्षीदारांची जबानी जुळत नसेल, तर दोघेही कुठे उभे होते हे विचारावे लागते.

या प्रश्नाला अलीकडे एक नवा पैलू आला आहे, आणि तो उसाच्या पट्ट्यातल्या शाळांना जवळचा वाटेल. २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असतो. वजनाने जवळजवळ ३५ टक्के. म्हणून एक किलो इथेनॉलला ९ किलो हवा पुरते. जेटच्या त्याच भोकातून हे मिश्र इंधन सोडले तर इंजिन सुमारे ७ टक्के विरळ चालते. लॅम्डा संवेदक असलेली गाडी हलक्या भारावर ही तूट भरून काढते. जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी ती भरून काढू शकत नाही. आणि शुद्ध पेट्रोलवर आकडे अगदी काठावर नेऊन ठेवलेल्या गाडीला चढावर ही तूट भोवते.

वर्गात यातला एक भाग सहज करता येईल. बन्सन बर्नरचे हवेचे भोक बंद ठेवा. पिवळी ज्योत परीक्षानळीला काजळी धरते. भोक उघडा, ज्योत निळी होते, काजळी थांबते. मग विद्यार्थ्यांना विचारा: काजळी नाही, एवढ्यावरून हवा नेमकी आहे असे म्हणता येईल का? काजळी फक्त हवा कमी असल्याचे सांगते, जास्त असल्याचे नाही. ती जास्त आहे हे ओळखायला दुसरे काय मोजावे लागेल, याचे उत्तर त्यांना शोधू द्यावे. मोटारीच्या अभियंत्यांना ते शोधायला सुमारे ८० वर्षे लागली.