मागचा टॉर्शन बार

१४. ‘आतून एक दाता पुढे, बाहेरून एक मागे’ : जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या मागच्या चाकांना गुंडाळीची स्प्रिंग नसते, आडव्या नळीतला पोलादी दांडा पिळला जाऊन भार पेलतो. हाच टॉर्शन बार. फर्डिनांड पोर्शे यांनी त्याचे पेटंट १९३१ मध्ये मागितले. दांड्याच्या आतल्या टोकाला ४० दाते, बाहेरच्या टोकाला ४४. आतला एक दाता म्हणजे ९ अंश, बाहेरचा ८ अंशांहून किंचित जास्त. दोन्ही टोके उलट दिशांना एकेक दाता सरकवली, की चाक धरणाऱ्या पट्टीचा कोन एका अंशाहूनही कमी बदलतो. दात्यांच्या संख्येत फरक ठेवण्याची ही युक्ती फार सुंदर आहे. कोन मोजताना पट्टीवर भार नसावा; म्हणूनच चाक आधी उतरवतात.