गोपाचलाची चढण

लग्न होऊन ग्वाल्हेरला आले त्याला तीस वर्षं झाली. किल्ला मात्र दरवेळी गाडीनेच पाहिला, पश्चिमेच्या उरवाई दरवाजाकडून. पाहुण्यांना घाटीतल्या मूर्ती दाखवायच्या नि परत फिरायचं. हात कधी जोडले नाहीत. सासूबाई म्हणायच्या, खंडित मूर्तीला पूजा नाही.

यंदा थंडीत धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "एकदा पायी चढू या की!"

पायवाट पूर्वेकडून. आपल्या ग्रंथांतला हा गोपाचल म्हणजे सपाट माथ्याचा वालुकाश्माचा डोंगर. शहरापासून सुमारे तीनशे फूट उंच, कडे मात्र सरळसोट. एकामागून एक दरवाजे ओलांडत हत्तीपोळीपर्यंत चढायचं. दुसऱ्याच दरवाजापाशी गुडघ्यांनी तक्रार केली. वाटेवर एकाच खडकात कोरलेलं विष्णूचं चतुर्भुज मंदिर लागतं; तिथे टेकलो. इथल्या सन ८७६ च्या लेखात देवाच्या फुलांसाठी दिलेल्या बागेची लांबी २७० हात लिहिली आहे, आणि रोज ५० हारांची सोयही. त्या आकड्यांतली शून्यं पाहायला लांबून लोक येतात. मला मात्र ते हार गुंफणारे हात आठवले.

माथा ओलांडून उरवाई घाटीत उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. कड्यात उभे आदिनाथ, सुमारे ५७ फूट. तोमर राजे डुंगरसिंह आणि कीर्तिसिंह यांच्या काळात, पंधराव्या शतकात, श्रावकांनी या मूर्ती कोरवून घेतल्या. कवी रइधू याच काळात इथे अपभ्रंशात ग्रंथ लिहीत होते. कारागिरांचे घाव वरून खाली कसे उतरले असतील, हे स्वतःचे पाय दुखत असताना जास्त कळतं.

मग १५२८ मध्ये बाबर आला. मूर्ती नष्ट करण्याचा हुकूम आपण दिला, हे त्याने स्वतःच्याच आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. पण हुकूम पुरता पाळायचा तर डोंगरच फोडावा लागला असता. बहुतेक ठिकाणी चेहरे गेले, देह राहिले. पुढे समाजातल्या लोकांनी काही चेहरे चुन्याच्या गिलाव्याने पुन्हा घडवले. ज्यांनी ते काम केलं, त्यांनाही खंडित मूर्तीचा नियम ठाऊक असणारच.

जाऊबाईंनी विचारलं, "वहिनी, नमस्कार करायचा का हो?"

देवघरातली मूर्ती दुभंगली तर आपण ती पाण्यात सोडतो. डोंगराचं विसर्जन कसं करणार? सासूबाईंचा नियम मंदिरातल्या पूजेचा होता. तो मी मोडला नाही. पाणी घातलं नाही, फूल वाहिलं नाही. पण हात जोडले. तीस वर्षांत पहिल्यांदा.

घरी येऊन गुडघ्यांना तेल लावताना सुनेला सांगितलं, पुढच्या वेळी तूही चल, पूर्वेकडूनच.