अमोनियम

अमोनियाच्या रेणूला हायड्रोजनचा धन आयन जोडला गेला की तयार होणारा एकसंयुजी धन आयन. त्यात एका नायट्रोजन अणूभोवती चार हायड्रोजन अणू चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर असतात. अमोनिया हा वायू बाटलीत भरून ठेवता येतो. अमोनियम मात्र लवणांत किंवा विद्रावातच आढळतो. धातू नसूनही तो पोटॅशियमसारखा वागतो. त्याची बहुतेक लवणे पाण्यात विरघळतात.

यांपैकी घराघरांत पोचलेले लवण म्हणजे नवसागर, अर्थात अमोनियम क्लोराइड. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात नवसागराची पूड टाकून कापसाने घासतो, तेव्हा पांढरा धूर उठतो. उष्णतेने नवसागराचे अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड यांत विघटन होते. त्यांपैकी हायड्रोजन क्लोराइड तांब्या-पितळेवरील ऑक्साइडाचा थर काढते आणि २३२° से.ला वितळणारे कथील स्वच्छ पृष्ठावर चिकटते.

अमोनियम नायट्रेट खतही आहे आणि स्फोटकही. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूत बंदरात त्याच्याच साठ्याचा स्फोट झाला. अमोनियम सल्फेट या खतात सु. २१ टक्के नायट्रोजन असतो. अल्कलीच्या संपर्कात अमोनिया उडून जात असल्याने हे खत चुन्यात मिसळून शेतात टाकू नये.